शेंदराचं पान

दूधवाल्याला ‘उद्या अर्धा लिटर जास्त दे’ एवढंच म्हणायचं होतं. तोंड उघडलं तर पहिला शब्द आलाच नाही आणि दुसरा फाटून आला. तो म्हणाला, “ताई, सर्दी झाली व्हय?” मी मान हलवली आणि दार लावून घेतलं. सर्दी नव्हती. घसा दुखत नव्हता, ताप नव्हता, नाक मोकळं होतं. फक्त आवाज नव्हता. स्वयंपाकघरात जाऊन, भांड्यांच्या मांडणीकडे तोंड करून, मी हळूच सा लावून पाहिला. सा लागला, पण त्याच्या दोन चिरफळ्या झाल्या होत्या आणि मधून नुसता वारा जात होता. मी तिथंच फरशीवर बसले.

मी मूळची भित्री बाई आहे. पालीला भिते, विजेला भिते, सरकत्या जिन्यावर नवऱ्याचा शर्ट धरून चढते. पण त्या भीती माझ्या मी मिळवलेल्या. आवाज जाण्याची भीती मात्र मला लहानपणीच, पेटीसमोर बसवून, सुरांच्या बरोबरीनं शिकवलेली होती. शिकवणारे माझे वडील.

बाबा परभणीत एका कचेरीत कारकून होते आणि सुट्टीच्या दिवशी कीर्तनांना पेटीची साथ करत. घरी पुढच्या खोलीत ते गाणं शिकवायचे. बरेच जण आले आणि गेले, टिकलो आम्ही दोघी. एक मी, आणि दुसरी चुडाव्याची, शेतकऱ्याघरची मुलगी. ती दर रविवारी रेल्वेनं परभणीला यायची आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जायची. आवाज तिचा चांगला होता. माझ्यापेक्षा पुष्कळ चांगला. हे मला तेव्हाही माहीत होतं आणि बाबांनाही.

धडा संपला की बाबा गोष्टी सांगायचे. बाकीच्या घरांत पोरांना बागुलबुवाची भीती घालतात, आमच्याकडे संगीताचा इतिहास होता. ग्रामोफोनचं यंत्र नवं आलं तेव्हा मोठमोठे गवई त्याच्यापुढे बसायला तयार नव्हते म्हणे. हे यंत्र माणसाचा आवाज ओढून घेतं आणि रिकामा गळा परत पाठवतं, अशी त्यांची खात्री होती. जे बसले ते गाणं संपता संपता भोंग्यात आपलं नाव ओरडून सांगायचे, कारण तबकड्या साता समुद्रापलीकडे तयार व्हायच्या आणि तिथल्या साहेबाला हा कोण गातोय ते कळायला हवं. मला ती ओरड फार भेसूर वाटायची. विहिरीत पडलेला माणूस वर बघून आपलं नाव सांगतोय असं काहीतरी. मग ते उस्ताद, जे बाहेरच्या शिष्याला वर्षानुवर्षं नुसती अस्ताई, म्हणजे चिजेचा पहिला भाग, शिकवायचे आणि अंतरा स्वतःच्या मुलासाठी दाराला कडी लावून गायचे. मग खुद्द पेटीची गोष्ट. ही पेटी कित्येक वर्षं रेडिओवर बंद होती, परदेशी वाद्य म्हणून. हे सांगताना बाबा पेटीच्या पाठीवरून असा हात फिरवायचे, जणू कुणी घरच्या सुनेलाच उंबऱ्याबाहेर काढलं होतं.

पण सगळ्यात मोठी गोष्ट शेंदराची. एका दरबारात दोन गवई. एकाचा आवाज असा की हंड्या-झुंबरं थरथरायची. दुसऱ्यानं मैफलीआधी हसत हसत विडा पुढे केला. विड्यात चिमूटभर शेंदूर. पहिल्यानं तो खाल्ला, गायला बसला आणि मध्यावर त्याचा आवाज जो बसला तो मरेपर्यंत उठला नाही. पुढे त्यानं सारंगी घेतली आणि उरलेला जन्म दुसऱ्यांच्या मागं बसून काढला. “शेंदराला उतारा न्हाई,” बाबा म्हणायचे. “हकीम नको, वैद नको. गेला गळा तो गेला.”

या गोष्टीतून आमच्या घराचा एक नियम निघाला. कार्यक्रमाला बाहेर गेलं की कुणाच्या हातचं पान नको, पाणी नको, प्रसाद हातात घ्यायचा, कपाळाला लावायचा आणि पदरात बांधायचा. खायचं ते आपल्या माणसाच्या हातचं. आपलं माणूस म्हणजे कोण, तेही बाबांनी ठरवून दिलं होतं: आम्ही दोघींनी एकमेकींच्या हातचं. लग्नं झाली, तिचं चुडाव्यातच, संसार झाले, माझ्या घरी गाण्याचे वर्ग सुरू झाले, गावोगाव अभंगांचे कार्यक्रम होऊ लागले, तरी आम्ही हा नियम मोडला नाही. मी पुढे गायची, ती मागं बसून तंबोरा धरायची आणि माझ्या ओळींना आवाज जोडायची. आता तंबोरा मोबाइलमध्ये आलाय, तरी ती मांडी घालून तशीच बसते, फोन मांडीवर ठेवून. मैफलीआधी तीच डब्यातून पान काढते, मोडते आणि अर्धं मला देते.

ती मागं का बसते? रेडिओच्या स्वरचाचणीला आम्ही दोघी जाणार होतो. त्याच आठवड्यात तिचा आवाज बसला. ती चाचणीला गेलीच नाही, मी गेले आणि पास झाले. तिचा आवाज नंतर थोडा सुधारला, पण वरच्या सुरांवर त्याची कायमची चाळण झाली. लोक म्हणाले, दमट हवा बाधली. तीही तसंच म्हणायची.

तर त्या सकाळी मी फरशीवरून उठले आणि बाबांच्या खोलीत गेले. बाबा आता माझ्याकडेच असतात, फारसे चालत नाहीत. कॉटवर बसून असतात, ऐकू मात्र अजून सुई पडली तरी येतं. मी म्हटलं, “बाबा, चहा ठेवू का?” त्यांनी मान वर केली. चेहऱ्यावर जे आलं ते मी कधी विसरणार नाही. आश्चर्य नव्हतं. इतके दिवस ज्याची वाट पाहिली ते आलं एकदाचं, असं काहीतरी.

“कोणाचं खाल्लंस?” ते म्हणाले.

आदल्या दिवशी चारठाण्याला देवळात उत्सव होता, दुपारचा आमचा कार्यक्रम. जुनं दगडी देऊळ, समोर मांडव, माणसं भरपूर. मध्येच माईक बंद पडला. दुरुस्त होईपर्यंत थांबावं, पण पुढे बसलेल्या बायांची चुळबूळ सुरू झाली म्हणून मी तशीच, मोकळ्या आवाजात, मागच्या खांबापर्यंत पोचेल अशी गायले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, वा, अजून दम आहे. हे सगळं आठवलं, पण बाबांनी माईकचं विचारलंच नव्हतं. त्यांनी विचारलं होतं, कोणाचं खाल्लंस. आणि मी खाल्लं होतं एकीच्याच हातचं.

“तिचंच पान,” मी म्हटलं.

बाबांनी डोळे मिटून घेतले. “बग मग,” एवढंच बोलले.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. वर्गातल्या मुलींना सांगितलं, परीक्षा जवळ आल्यात, अभ्यास करा. कार्यक्रमांचे फोन नवऱ्याला घ्यायला लावले. बाबांच्या सांगण्यावरून सकाळी उपाशीपोटी तूप-मिरं, दुपारी ज्येष्ठमध, संध्याकाळी गुळण्या. शेंदराला उतारा नाही म्हणणारे बाबाच उतारे सांगत होते, आणि मी ते मुकाट्यानं घेत होते. नवरा रोज म्हणायचा, डॉक्टरला दाखव. बाबा म्हणायचे, डॉक्टरला शेंदूर दिसत न्हाई. मला दोघांचीही भीती वाटायची. डॉक्टरला काही दिसलं नाही तर शेंदूर खरा. आणि दिसलं तर? दवाखान्याच्या भिंतीवर पान-तंबाखूवाल्यांच्या गळ्यांची जी चित्रं लावलेली असतात, ती मला डोळे मिटले की दिसायची. पाचावर धारण बसणं म्हणजे काय ते मी त्या दिवसांत शिकले. आवाज गेला तर माझं काय उरतं, याचा मी विचार करून पाहिला. स्वयंपाक बरा जमतो. एवढंच उरत होतं.

आणि ती. ती रविवारी नेहमीसारखी आली. थर्मासमध्ये गवती चहा, आलं, काळी मिरी घालून केलेला काढा. “घे, गळ्याला आराम पडंल,” म्हणाली. मी कप हातात घेतला. कप गरम होता आणि माझा हात गार पडला. ती बाबांना नमस्कार करायला आत गेली तेवढ्यात मी तो काढा मोरीत ओतला आणि वर पाणी सोडलं. परत आली तेव्हा मी रिकाम्या कपाकडे बघत ओठ पुसत होते. ती थर्मासचं झाकण लावत राहिली. मी मनात म्हणत होते, तिच्याकडे कारण आहे. इतकी वर्षं माझ्या पाठीकडे बघत बसली. कुणाचंही डोकं फिरेल. मन चिंती ते वैरी न चिंती, म्हणतात ते काही उगाच नाही. माझ्या मनानं तिच्या हातात शेंदराची पुडीसुद्धा देऊन टाकली होती.

पुढच्या रविवारी मी तिला निरोप धाडला, पाहुणे आलेत, येऊ नकोस.

शेवटी नवऱ्यानं नांदेडच्या घशाच्या डॉक्टरची वेळ घेतली आणि मला सांगितलं, आता गेली नाहीस तर मी उचलून नेईन. त्याला रजा मिळेना, मग मी एकटीच निघाले. बाबांना सांगितलं, माहूरला नवस फेडायला बायका चालल्यात, त्यांच्याबरोबर जाते. सकाळची गाडी, पूर्णेपर्यंत बरी रिकामी. पूर्णा सोडल्यावर मला आठवलं की पुढचं स्टेशन चुडावा. तोंडचं पाणीच पळालं. मी खिडकीपासून सरकले, पदर डोक्यावरून ओढला आणि झोपेचं सोंग घेतलं. गाडी थांबली. मी मनातल्या मनात देवाला म्हटलं, लवकर सोड बाबा.

“ओ बाई, कुठं जायलीस?”

डोळे उघडले तर तीच समोर. हातात पिशवी, कपाळावर घाम. सासूचे डोळ्याचे थेंब चुडाव्याला मिळत नाहीत म्हणून नांदेडला निघाली होती. भित्यापाठी ब्रह्मराक्षस, अन् इथं तर तिकीट काढून आला होता.

खोटं बोलायला सुद्धा आवाज लागतो. मी कुजबुजले, “डॉक्टरकडं.”

“आन् एकटीच?” ती माझ्या शेजारी बसली, मला सरकवून. “मला सांगायचं न्हाई व्हय? चल, मी बी येते. थेंब काय, येताना घेऊ.”

मी नको म्हटलं. तिनं ऐकलं नाही. मुगट स्टेशनच्या आसपास तिनं पिशवीतून दोन केळी काढली, एक सोलून माझ्यापुढे धरलं. सालीतलं केळं, त्यात कुणी काय घालणार? तरी मला ते तोंडाला लाववेना. मी ते हातात धरून नांदेडपर्यंत नेलं आणि स्टेशनबाहेर एका गाईला दिलं. तिनं तेही पाहिलं.

डॉक्टर तरुण होता, हसरा. नाकात औषधाचा फवारा मारला, घसा लाकडासारखा झाला. मग ती बारीक काळी नळी. नळी आत जाताना मी तिचा हात धरला. ज्या हाताचा मला इतके दिवस धसका होता, तोच. समोर पडद्यावर माझा गळा दिसायला लागला, ओला, गुलाबी. डॉक्टर म्हणाला, “ई म्हणा.” मी ई म्हटलं. दोन पांढऱ्या पट्ट्या जवळ आल्या आणि मिटल्या नाहीत. एकीच्या कडेवर डाळीच्या दाण्याएवढी लालसर गाठ होती.

“ही बघा तुमची तकलीफ,” तो म्हणाला. “मध्यंतरी फार जोरात गायलात का कधी?”

मी माईकचं सांगितलं. मग घशातून उरलीसुरली हिंमत गोळा करून विचारलं, “डॉक्टर, शेंदूर खाल्ल्यानं असं होतं का?”

त्याला हसू आलं, पण त्यानं ते आवरलं. कागदावर दोन नळ्या काढून दाखवल्या. पुढची श्वासाची, तिच्या तोंडाशी हे पडदे. मागची अन्नाची. “तुम्ही जे खाता ते मागून जातं. पान, शेंदूर, काही असो, या पडद्यांना शिवत नाही. चुकून एक कण जरी इकडे आला तरी असा ठसका लागेल की गाणं सोडा, जीव नकोसा होईल. शेंदूर विषारीच आहे, खाऊ नका. पण ही गाठ त्याची नाही. आवाजावर फार जोर पडला, किंवा सर्दी-तापात गळा सुजलेला असताना तसंच गात राहिलं, की होते अशी. काढून टाकू, तपासायला पाठवू. दिसतेय तर साधीच. लवकर आलात ते बरं केलंत.”

तपासायला पाठवू, या शब्दांसरशी दवाखान्याच्या भिंतीवरची ती चित्रं पुन्हा डोळ्यांपुढे आली. त्यामुळे शेजारी काय चाललंय ते मला उशिरा कळलं. तिनं माझा हात सोडला होता. ती पडद्याकडे बघत होती, जिथं माझ्या गाठीचं चित्र अजून थांबलेलं होतं.

“डॉक्टरसाहेब,” ती म्हणाली, “आन् लय वर्षं तशीच ऱ्हायली तर?”

“कुणाची?”

“न्हाई. सहज इचारलं.”

परतीच्या गाडीला वेळ होता. आम्ही फलाटावरच्या बाकावर बसलो. थेंब आणायचे ती विसरली होती. मी आठवण केली तर म्हणाली, राहू दे. मग रुळांकडे बघत राहिली. ती गप्प बसणारी बाई नव्हे. मला आता वेगळीच भीती वाटायला लागली.

“तू काढा मोरीत ओतलास,” ती म्हणाली. माझ्याकडे बघत नव्हती. “मी दारातनं बघितलं. तवाच कळलं मला, तुझ्या मनात काय हाय ते.”

माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

“रडू नको. मला बी कळतंय ना ते. माझ्या आईनं मला हेच सांगितलं व्हतं.”

मग तिनं सांगितलं. चाचणीच्या आठवड्यात तिला ताप होता. बाबांनी तरी रोज बोलावलं, वरच्या सा वर उभं केलं, पुन्हा, पुन्हा, अजून एकदा. चाचणीच्या आदल्या दिवशी बाबांनी देवापुढचा एक पेढा तिच्या हातावर ठेवला, म्हणाले, खा, यश येईल. घरी पोचेपर्यंत आवाज गेला. तिच्या आईनं विचारलं, कोणाचं खाल्लंस? ही म्हणाली, गुरुजींच्या हातचा पेढा. आईनं कपाळावर हात मारला. त्यांची पोरगी बी चाचणीला हाय ना? मग झालं तर. शेंदूर. उतारा न्हाई. दवाखाना नाही, औषध नाही, काही नाही.

“तू हे खरं मानलंस?” मी कुजबुजले.

“मानायचं न्हाई तर काय? गुरुजींनीच तर शिकवलं व्हतं.”

“मग तू आमच्याकडं येत का राहिलीस? जेवत कशी होतीस आमच्या घरी?”

ती हसली. “गळा तर गेलाच व्हता. आता तुमच्याकडं जेवून काय जायचं व्हतं? आन् गाणं दुसरीकडं कुठं भेटत व्हतं मला?” मग जरा थांबून म्हणाली, “पान मी अर्धं मोडून आधी खाते, ते कशाला वाटलं तुला? तुला दिसावं म्हणून. एवढे वर्षं खाते. तू एकदा बी बघितलं न्हाईस.”

गाडी आली. चुडाव्याला ती उतरली आणि नेहमीसारखी खिडकीशी येऊन म्हणाली, “आपरेशनला मी येते, तारीख कळव.” गाडी सुटल्यावर मला जी थंडी वाजायला लागली ती परभणीपर्यंत थांबली नाही. शेंदूर नव्हता, हे आता मला नकाशा काढून सांगितलं होतं. गाठीचं काय निघतंय ती भीती होतीच. पण तिच्या खाली आणखी एक हलत होती. शेंदरानं गळा जात नाही हे मला आज कळलं. बाबांना कुठं माहीत होतं? समजा, त्यांनी खरंच घातला असेल तर? माझ्यासाठी?

घरी आले तर बाबा कॉटवर बसले होते. म्हणाले, “नवस फिटला?” मी मान हलवली. त्यांचे हात मांडीवर होते, म्हातारे, डागाळलेले, बोटं पेटीवर असावीत तशी जरा वाकलेली. ती बोटं मी आयुष्यभर पाहत आले. त्या दिवशी मला त्यांच्याकडे बघवेना.

ऑपरेशन झालं. बाबांना नवऱ्यानं सांगितलं, नवसाचं मौन आहे. ती आली, दवाखान्याच्या व्हरांड्यात पिशवी मांडीवर घेऊन बसून राहिली. तपासणीचा निकाल येईपर्यंत मी बोलायचं नव्हतं, आणि मला ते सोयीचंच होतं, कारण तोंड उघडलं असतं तर बाबांना विचारलं असतं. निकाल आला. साधी गाठ. नवऱ्याला रडू फुटलं, मला नाही. मला सा लागेपर्यंत काहीच खरं वाटणार नव्हतं. डॉक्टरनं परवानगी दिली त्या रविवारी मी पुढच्या खोलीत बसले. तिनं फोनवर तंबोरा लावला. मी जीव मुठीत धरून तोंड उघडलं. सा आला. जरा नवखा, पण अखंड.

आतून बाबांची काठी वाजली. ते भिंतीला धरत स्वतः चालत आले. चेहरा उजळलेला. “उतरला,” म्हणाले, “उतरला शेंदूर!” त्यांनी नवऱ्याकडून पेढे मागवून ठेवले होते. पुडा सोडला, देवापुढे धरला आणि एक मला दिला. मग दुसरा उचलून तिच्यासमोर धरला.

बाबा तिच्याकडे बघत होते. “तुझा गळा मोठा होता पोरी,” ते म्हणाले. “तसा मी पुन्हा ऐकला न्हाई.” डोळे ओले होते. कशानं, ते मला कळलं नाही आणि विचारायची माझी छाती झाली नाही. आजही नाही. मला भीती वाटते की ते खरं सांगतील.

तिनं हात पुढे केला, पेढा घेतला, वाकून नमस्कार केला आणि सबंध पेढा तोंडात टाकला.

बाबा आत गेल्यावर आम्ही दोघी बाहेर पायरीवर बसलो. मी तिला म्हटलं, आता पूर्ण आवाजात, की डॉक्टरशी मी बोललेय. जुन्या गाठीही काढता येतात. निदान बघू तर दे. मी येते बरोबर, हात धरते तुझा.

“न्हाई,” ती म्हणाली.

“अगं, दुखत नाही. फवारा मारतात.”

“दुखायचं न्हाई ग.” ती रस्त्याकडे बघत होती. “समज, नळी घातली आन् तो म्हणला, बाई, ही साधीच गाठ व्हती, तवाच आला असता तर आठवड्यात निघाली असती. मग मी एवढे वर्षं तुझ्या मागं कशाला बसले, ते कुणाला इचारू? त्यापक्षा शेंदूर हाय तेच बरं. शेंदराला उतारा नसतो.”

तिनं पदरानं तोंड पुसलं आणि मग तिचं लक्ष माझ्या हाताकडे गेलं. बाबांनी दिलेला पेढा मी अजून मुठीतच धरला होता. दोन नळ्यांचा कागद आतल्या कपाटात घडी करून ठेवलेला, डॉक्टरचं वाक्य न् वाक्य पाठ, आणि तरी बापाच्या हातचा पेढा माझ्याच्यानं तोंडात टाकवत नव्हता. तो मुठीत विरघळून ओलसर झाला होता.

तिनं माझी बोटं उघडली, पेढा घेतला, मोडला, अर्धा आधी स्वतः खाल्ला. उरलेला माझ्यासमोर धरला.

“घे आता,” ती म्हणाली.